चामड्याचे बाइक ग्लोव्ह्ज: तळहात घट्ट, बोटं रिकामी. साइज बदलू की ताणून घेऊ?

दर्यापूर_१५०

नमस्कार मंडळी. बकरीच्या चामड्याचे, नकल गार्डवाले (मुठीच्या उंचवट्यांवर कडक कवच असलेले), आखूड कफचे ग्लोव्ह्ज ऑनलाइन मागवले आहेत. घालून पाहायला दुकान म्हटलं तर अमरावती नाही तर अकोला, म्हणून चार्ट पाहून एल घेतला. चार्टमध्ये एल म्हणजे 8.5 ते 9 इंच. माझ्या उजव्या हाताचा घेर 8.6 इंच, डाव्याचा 8.5. मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत 8.1 सेंटिमीटर.

अडचण अशी आहे. मूठ वळली की अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं ओढल्यासारखं होते, तळहातही आवळते. पण चारही बोटांची टोकं रिकामी आहेत, तीन बोटांत अंदाजे 9-10 मिलिमीटर, करंगळीत त्याहून थोडं जास्त. नकल गार्ड उंचवट्यांवर बसत नाही, बोटांकडे सरकलेला दिसते. म्हणजे तळहाताला एल लहान आणि बोटांना मोठा. बोटांसाठी एम घ्यावा, तर तळहात अजून आवळेल.

गावात दोन सल्ले मिळाले. एक, रात्रभर बादलीत भिजत घालून उन्हात ठेवायचे. दुसरा, जवसाचं तेल चोपडायचं. परत करायची मुदत अजून पाच दिवस आहे. वापर रोजचा, दर्यापूर ते मूर्तिजापूर आणि पुढे हायवेनं अकोला. काय करावं?

घाटवळण

भाऊ, आधी एक गोष्ट. ठेवायचे की परत करायचे हे ठरेपर्यंत पाणी, तेल, क्रीम, काहीही लावू नका. टॅग तसाच राहू द्या. एकदा ओले केले की कोणी परत घेत नाही.

दुसरं म्हणजे, तुमची बोटं रिकामी आहेत ती ग्लोव्ह लांब आहे म्हणून नाही, असं वाटते. हात आत पूर्ण शिरलाच नसावा. तळहात आवळला की हात मध्येच अडकते. मग बोटांच्या बेचक्यांत फट राहते, तेवढीच फट टोकाला रिकामी दिसते, आणि गार्डही तेवढाच पुढे राहते. तीन तक्रारी दिसतात, पण दुखणं एकच असावं.

तपासायचं असं. हात कोरडा असू द्या, पंख्याखाली बसा. ग्लोव्ह घाला, मनगटाचा पट्टा उघडाच ठेवा. आता दुसऱ्या हाताची बोटं या हाताच्या बोटांत गुंफा आणि प्रत्येक बेचकं खाली दाबत या, तर्जनी-मधलं, मधलं-अनामिका, अनामिका-करंगळी. शेवटी अंगठ्याचं बेचकं. दोन-तीन वेळा करा. त्यानंतर चामड्याची शिवण आणि तुमच्या कातडीचं बेचकं यांत किती अंतर राहिलं ते मोजा. बाहेरून दाबलं की पोकळी बोटाला कळते. ते अंतर आणि टोकाची रिकामी जागा जवळपास सारखी निघाली, तर साइज बरोबर आहे, फक्त तळहात उघडायचा आहे. बेचकी नीट बसूनही टोकं 9-10 मिलिमीटर रिकामी राहिली, तर मात्र बोटं खरंच लांब आहेत. मग परत करा.

असं का, तर चामडं रुंदीत सैल होते, लांबीत जवळजवळ नाही. बोटांच्या नळ्या लांबीत कापताना चामड्याची कमी ताणणारी दिशा मुद्दाम बोटाच्या रेषेत धरतात, नाही तर महिन्याभरात टोकं लोंबू लागतील. म्हणून रुंदीला थोडं घट्ट चालते, लांबी पहिल्या दिवशीच बरोबर पाहिजे. टोक नखाला लागत असेल तर ते कधीच सुधारत नाही, उलट हँडल धरल्यावर नख दुखते.

मापाबद्दल. घेर नेमका कुठं मोजला? अंगठा सोडून, उंचवट्यांवरून, मूठ हलकी वळून. शिंप्याची टेप वापरा, लोखंडी नको, ती वळणावर माप जास्त दाखवते. आणि संध्याकाळी मोजा. आपल्याकडे उन्हाळ्यात काम करून आलेला हात सकाळपेक्षा फुगलेला असते. माप हिवाळ्याच्या सकाळचं आणि वापर मे महिन्यातला, यात निम्मे लोकं फसतात.

दर्यापूर_१५०

सांगितलं तसं केलं. बेचकी दाबल्यावर गार्ड मागं सरकला, पण पूर्ण नाही. आता बेचक्यांतलं अंतर 6 ते 7 मिलिमीटर, टोकाची रिकामी जागा तर्जनीत 7, मधल्या बोटात 7, अनामिकेत 8, करंगळीत 11. घेर संध्याकाळी पुन्हा मोजला, उजवा 8.7.

चामडं_आणि_टाका

मग उत्तर मिळालं. बेचक्यात 7 आणि टोकाला 7, म्हणजे हात पूर्ण बसला की टोकाला फारसं काही उरणार नाही. एम चुकूनही घेऊ नका. बहुतेक चार्टमध्ये एका साइजचा फरक अर्धा इंच, म्हणजे 12-13 मिलिमीटर. बकरीचं चामडं घेरात चार-पाच मिलिमीटर देते, अर्धा इंच देत नाही.

बकरीचं आहे हे तुमचं नशीब चांगलं. ते पातळ, लवकर हाताचा आकार घेणारं, आणि पातळ असूनही घासायला टिकणारं. म्हशीचं जाड चामडं असतं तर महिनाभर झगडावं लागलं असतं. मेंढीचं तर लय लवकर पसरते आणि पसरतच राहते, तिथं सुरुवातीला एक नंबर घट्टच घ्यावं लागते.

आता बादलीबद्दल. पूर्ण भिजवलं की चार गोष्टी बिघडतात. अस्तर चामड्याला जिथं चिकटवलेलं असते तो गोंद सुटते. गार्डखालचा फोम पाणी धरून बसते. काळा रंग उतरते. आणि कमावताना चामड्यात घातलेली चरबी पाण्याबरोबर निघून जाते. वरून उन्हात ठेवलं की पाणी झपाट्यानं उडते, आतले धागे एकमेकांना चिकटतात आणि ग्लोव्ह पापडासारखा कडक होते. आपल्याकडे हवाच 44-45 डिग्री असते, टिनाच्या छपरावर किंवा पेट्रोलच्या टाकीवर ठेवलेली वस्तू त्याहून कितीतरी जास्त तापते. असं कडक झालेलं चामडं परत मऊ होत नाही, घडीवर भेगा पडतात.

जवसाचं तेल तर अजिबात नको. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकते आणि त्याची पापडी बनते. लाकडाला आणि ऑइल पेंटमध्ये ते त्याच गुणासाठी वापरतात. लाकडावर गुण आहे तो चामड्यावर दोष. पहिल्या आठवड्यात मऊ वाटेल, मग वरचा थर चिकट आणि नंतर कडक, टाक्यांतला धागासुद्धा ताठ होईल. खोबरेल तेलही नको. थंडीत ते गोठते, उन्हाळ्यात तळव्यापर्यंत झिरपते आणि हँडल निसटते.

करायचं ते असं. परत करायचं नाही हे पक्कं झाल्यावरच.

पहिले तीन-चार दिवस फक्त कोरडे घाला, घरात, रोज 20 मिनिटं. बेचकी दाबून बसवा, पट्टा लावा, आणि उभ्या गाडीचं हँडल धरा. नुसती मूठ वळून भागत नाही, मुठीचा आकार आणि हँडलवरच्या हाताचा आकार वेगळा असते. उघडा पाइप 22 मिलिमीटरचा, वर रबरी ग्रिप चढली की तीसच्या पुढं. चामड्याला तो आकार शिकवायचा आहे. निम्मं काम इथंच होते.

एवढ्यानं उरलं तर पाणी, पण शिंतोड्यापुरतं. तुम्ही दर्यापूरचे, म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले. बोअरचं पाणी वापरू नका. त्यातलं मीठ चामड्यात राहते, वाळल्यावर पांढरे डाग उमटतात आणि ती जागा ताठ होते. आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. स्प्रेची बाटली नवी घ्या. फवारणीच्या औषधाची जुनी बाटली कितीही धुतली तरी नाही, हे हाताच्या कातडीला घट्ट टेकणारं चामडं आहे. अंगठ्याचं बेचकं आणि तळहाताची करंगळीकडची कड, या दोनच जागी बाहेरून दोन-दोन फवारे मारा. ओल्या फडक्यानं पुसल्याइतकं दमट झालं पाहिजे, थेंब ओघळता कामा नये. पाच मिनिटं मुरू द्या. मग हात घालून 15-20 मिनिटं हँडल धरा, मधूनमधून सोडा, परत धरा. काढल्यावर बोटांत आणि तळहातात जुन्या सुती धोतराच्या पट्ट्या गुंडाळून भरा आणि सावलीत, वारा येईल अशा जागी रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन वेळा पुरे होते.

एका जागी नजर ठेवा. अंगठ्याच्या बेचक्यात तीन-चार शिवणी एकत्र येतात. तिथं टाक्यांची भोकं गोल आहेत तोवर ठीक. भोकं लांबट दिसू लागली, त्यांतून आतलं अस्तर डोकावू लागलं, की त्याच दिवशी थांबा. चामडं ताणत नाही, शिवण फाटत आहे, हा त्याचा अर्थ.

सगळं झाल्यावर, आधी नाही, रंग नसलेलं लेदर क्रीम हरभऱ्याच्या दाण्याएवढं, एका ग्लोव्हला तेवढंच, हाताच्या पाठीवर आणि बोटांच्या बाजूंना. तळव्याला नाही.

निळीटाकी

वरचं पटलं, पण एक पुस्ती. पाणी मारण्याआधी आतलं लेबल वाचा. वॉटरप्रूफ पडदा असलेला ग्लोव्ह असेल तर ओला करून ताणू नका. तो पडदा चामड्याबरोबर ताणत नाही, बोटांच्या टोकाला चिकटवलेला असते, आणि ताणला की सुटते. मग प्रत्येक वेळी हात काढताना अस्तर उलटं बाहेर येते. असे ग्लोव्ह्ज फक्त कोरडे घालूनच बसवायचे.

गॅरेज_कट्टा

हँडलवर स्पंजचे किंवा रबराचे जाड कव्हर चढवलेले आहेत काय? आधी ते काढून पाहा. कव्हरनं ग्रिपची जाडी वाढते, अंगठा आणि तर्जनी जास्त फाकतात, आणि चांगल्या मापाचा ग्लोव्हसुद्धा नेमका बेचक्यातच ओढते. ग्लोव्हची तक्रार घेऊन येणाऱ्यांत हे लय दिसते.

क्लचही पाहा. लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिलिमीटर खेळ, म्हणजे क्लच ओढायला लागायच्या आधीची मोकळी हालचाल, पाहिजे. केबल ताणलेली किंवा कोरडी असली की चार बोटांनी ओढावं लागते, ग्लोव्ह तळव्यात गोळा होते आणि दोष ग्लोव्हला जातो. केबलमध्ये तेल सोडा, खेळ लावा, मग ठरवा.

दर्यापूर_१५०

कव्हर होते, दोन्ही बाजूंना. काढले. बेचक्याची ओढ लगेच कमी झाली, हे ध्यानातच आलं नव्हतं. लेबलवर पडद्याचा उल्लेख नाही, आत साधं जाळीचं अस्तर आहे.

ग्लोव्ह्ज ठेवायचे ठरवले. आता दोन प्रश्न. हात बसल्यावर बरोबर माप कसं ओळखायचं, म्हणजे थांबायचं कुठं? आणि करंगळीत बाकीच्यांपेक्षा 4 मिलिमीटर जास्त उरते, ते आमच्या इथल्या चप्पल-बूट शिवणाऱ्या कारागिराकडून कमी करून घ्यावं काय?

घाटवळण

थांबायचं कुठं ते सांगतो, कारण जास्त ताणलेला ग्लोव्ह परत आवळता येत नाही. पाणी मारून आकसवायचे उपाय ऐकाल, त्यात कुठली बाजू किती आकसेल हे कोणाच्याच हातात नसते.

हात सरळ उघडा ठेवला की टोकाला 3 ते 5 मिलिमीटर मोकळं. हँडल धरल्यावर ते जवळपास भरून यायला पाहिजे, पण नख दाबलं जाऊ नये. गार्डचा मधला भाग मुठीच्या उंचवट्यांच्या बरोबर वर. हँडल धरून तळहातावरचं चामडं चिमटीत पकडा. बारीक घडी आली तर ठीक, पाच मिलिमीटरहून मोठी वळी आली तर ढिला. ती वळी अ‍ॅक्सिलरेटर फिरवताना एकाच जागी घासते आणि मूर्तिजापूर यायच्या आत अंगठ्याच्या मुळाशी फोड येते.

मग ब्रेक. दोन बोटांनी लिव्हर पूर्ण दाबा. टोकाचं रिकामं चामडं लिव्हर आणि ग्रिपच्या मध्ये अडकते काय ते पाहा. अडकत असेल तर तो ग्लोव्ह रस्त्यावर न्यायचाच नाही. इंडिकेटर, हॉर्न, डिपर, तिन्ही बटणं न पाहता अंगठ्याला सापडली पाहिजेत.

शेवटी पट्टा लावून दुसऱ्या हातानं चार बोटांची टोकं धरून जोरात ओढा. ग्लोव्ह निघता कामा नये. मनगटावर अडला पाहिजे. पडल्यावर हात आधी रस्त्यावर टेकतो, आणि निघून गेलेला ग्लोव्ह कितीही चांगल्या चामड्याचा असला तरी काही वाचवत नाही. बाइक ग्लोव्ह्जच्या सुरक्षेच्या युरोपच्या ईएन 13594 मानकात ही ओढ-तपासणी मुद्दाम ठेवलेली आहे. त्याच मानकात कफ मनगटापुढं लेव्हल 1 ला किमान 15 आणि लेव्हल 2 ला 50 मिलिमीटर लागते. तुमचा आखूड कफ आहे, म्हणून पट्टा दुप्पट महत्त्वाचा. वेल्क्रो शेवटपर्यंत ओढूनही मनगट सैल राहत असेल तर वेल्क्रोचा खालचा तुकडा उसवून 10 मिलिमीटर आत घ्यायला लावा. हे काम कारागिराकडून बिनधास्त करून घ्या.

चामडं_आणि_टाका

करंगळी मात्र कापू देऊ नका.

बोट आखूड करायचं तर टोकाची शिवण उसवावी लागते. बोट चार तुकड्यांचं असते, वरचा, खालचा आणि दोन बाजूंच्या अरुंद पट्ट्या. या पट्ट्या टोकाला निमुळत्या होत एकत्र येतात. 4 मिलिमीटर कापलं की पट्ट्यांची रुंदी टोकाशी जुळत नाही आणि आत गाठ उरते. ती गाठ नखाशेजारी घासते. शिवाय तुमचं अस्तर टोकाला टाचलेलं असणार, ते वेगळं आखूड करावं लागेल. आणि चपलेची आरी जाड, तिचं भोक या पातळ चामड्याला मोठं. जवळजवळ मोठी भोकं पाडली की ती रेघ तिकिटाच्या कडेसारखी फाटते.

क्लच-ब्रेकवर बहुतेक तीनच बोटं असतात, करंगळी ग्रिपवर. तिथं 6-7 मिलिमीटर मोकळं चालते. हात पूर्ण बसल्यावर तुमच्याकडे चारच उरतील, म्हणजे काहीच करायचं नाही. हां, करंगळी आणि अनामिका जोडणारी चामड्याची बारीक पट्टी असेल तर ती मूठ वळताना करंगळीला ओढते काय ते पाहून घ्या.

पुढं कधी शिवण उसवली तर कारागिराला एवढं सांगा. सुती दोरा नको, घामानं कुजते. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा बारीक दोरा, तीन धारेची चामड्याची बारीक सुई, आणि शक्य तितकी जुनीच भोकं वापरायची. नवीन भोकं पाडावीच लागली तर टाके तीन-साडेतीन मिलिमीटरवर.

निळीटाकी

घामाचं कोणी बोललं नाही, आणि आपल्याकडे नवे ग्लोव्ह्ज बिघडतात ते त्यानंच. मार्च ते जून रोजच्या वापरात आतून मीठ साचते. आठवड्यातून एकदा स्वच्छ पाण्यानं ओलं फडकं घट्ट पिळून आत बोटात घालून पुसा, दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपा. धुण्याची पावडर किंवा सोडा आत जाऊ देऊ नका. चामडं आम्लधर्मी कमावलेलं असते, पावडर अल्कधर्मी, त्यानं ते रखरखीत होते.

काढताना मनगटाकडून ओढून उलटं करायचं नाही. पट्टा सोडा, एकेका बोटाचं टोक चामडं आणि अस्तर दोन्ही चिमटीत धरून सेंटिमीटरभर सैल करा, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, मग सगळा एकदम काढा. तरी अस्तर बाहेर आलंच तर पेन्सिलीच्या मागच्या बोथट टोकानं परत आत ढकला. टोकदार काडी नको, जाळी फाटते.

पावसात भिजले तर दोन बांबूच्या खुंट्यांवर बोटं वर करून, तोंड खाली उघडं ठेवून वाळवा. तोंड वर ठेवलं तर पाणी बोटांच्या टोकांत उतरते आणि तिथली शिवण दोन दिवस ओली राहते. चुलीजवळ नाही, गाडीच्या सायलेन्सरवर नाही, डिकीत कोंबून नाही.

दर्यापूर_१५०

चार दिवस कोरडे आणि दोन रात्री दमट करून झाले. बेचक्यांतली फट आता 2 मिलिमीटर. मोकळी जागा तर्जनी आणि मधल्या बोटाला 3, अनामिकेला 4, करंगळीला 6. गार्ड उंचवट्यांवर आला. पट्टा लावून ओढलं तर उजवा निघत नाही, डावा थोडा सरकते, त्याचा वेल्क्रो उद्या आत घेतो. उजव्याच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोन भोकं किंचित लांबट दिसतात.

चामडं_आणि_टाका

मग तिसऱ्यांदा पाणी मारू नका. उरलेले 2 मिलिमीटर रोजच्या वापरात आपोआप जातील. त्या दोन भोकांजवळ आतून पातळ चामड्याची नखाएवढी चकती रबर सोल्युशननं चिकटवा, शिवणीवर नाही, शिवणीच्या शेजारी. रात्रभर सुकू द्या, मगच हात घाला. पंधरा दिवसांनी भोकं पुन्हा पाहा.